पैलवानाचा गुडघा

डॉक्टरांचे मोठे साडू जनावरांच्या दवाखान्यात पुढच्या दाराने आले, असं पहिल्यांदाच घडत होतं. एरवी ते मागच्या दाराने यायचे, चहाच्या वेळेला, आणि चहा पिऊन झाला की जंताचं औषध मागायचे. आज ते बाकावर बसलेल्या माणसांमधून आले, आणि त्यांच्यामागून दोघांनी हातांची झोळी करून एक बोकड आणला.

"पैलवान आहे," साडू म्हणाले. मंत्र्याची ओळख करून द्यावी तसं.

बाकावरची माणसं सरकली. एकजण म्हणाला, "बसा मालक, बसा."

डॉक्टर थकलेले होते. आजचे नव्हे, बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलं होतं की सवड मिळाली की जरा विश्रांती घ्यायची, आणि सवडीची वाट पाहून आलेला थकवा मूळच्या थकव्यात मिसळून आता दोन्ही वेगळे काढता येत नव्हते. त्यांनी बोकडाकडे पाहिलं. काळा कुळकुळीत, पाठ फळीसारखी, शिंगं मागे वळवलेली, दाढी एखाद्या प्राध्यापकाला शोभेल अशी.

"खाली ठेवा. चालू दे त्याला."

पैलवान तीन पायांवर उभा राहिला. मागचा उजवा पाय पोटाशी दुमडलेला. तसाच तो दोन उड्या पुढे गेला, मग त्याने पाय मागे झटकला, आत कुठेतरी टक्‌ झालं, आणि तो चारही पायांवर ऐटीत चालत भिंतीपाशी गेला. तिथे लसीकरणाचा तक्ता होता. तो खायला लागला.

"बघा, बरा झाला," साडू म्हणाले. "न्यायचा का परत?"

"थांबा."

डॉक्टर बोकडाशेजारी उकिडवे बसले. त्यांचे दोन्ही गुडघे वाजले, पैलवानापेक्षा मोठ्याने. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरच्या एका खाचेत वर-खाली सरकत असते, पन्हळीत पाणी वाहावं तशी. डॉक्टरांनी अंगठ्याने ती हलकेच बाहेरच्या बाजूला ढकलली. ती काही तक्रार न करता बाहेर गेली. आत ढकलली, आत आली. सोडली, परत बाहेर. दारावर कडीच नव्हती.

"कधीपासून आहे हे?"

"कालपासून."

"भाऊ, खरं सांगा."

"पिल्लू होता तेव्हा जरा लंगडायचा," साडू आवाज उतरवून म्हणाले. "नंतर सुटलं ते."

"सुटलं नाही. त्याने सवय करून घेतली." डॉक्टर उठले. पुन्हा दोन आवाज. "पडून झालेलं नाही हे. खाच जन्मापासूनच उथळ आहे. ऑपरेशन करून खोल करता येईल. सैल झालेलं आवरण टाक्यांनी घट्ट करता येईल. चालेल, पळेल, तक्तेही खाईल."

"मग करा की!"

डॉक्टरांनी बाकाकडे पाठ केली आणि फक्त साडूंना ऐकू जाईल असं म्हणाले, "पण पुढे त्याला शेळ्या दाखवायच्या नाहीत. कधीच. हे पिल्लांत उतरतं. गुडघा करेन, आणि त्याच वेळी दुसरंही करून टाकेन. दोन्ही करायचं, नाहीतर एकही नाही."

दुसरं म्हणजे काय ते साडूंना बरोबर कळलं. ते खोकले. साडूंनी पैलवानाच्या तोंडातून तक्त्याचा उरलेला भाग काढला, नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "विचार करून सांगतो."

"केलात विचार, की ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याला उपाशी ठेवा. पोट भरलेलं असलं तर भुलीत फुगतं."

साडूंना विचार का करावा लागत होता, हे समजायला त्यांची नोकरी ठाऊक हवी. ती त्यांनी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रारखिडकीत केली. पाणी येत नव्हतं ही त्यांची चूक नव्हती, पण खिडकीमागे तेच बसलेले असायचे. शिव्या ऐकायच्या आणि म्हणायचं, "उद्या या." उद्या आलेल्या माणसालाही तेच. सासुरवाडीला गेले तर सासरे पाहुण्यांना सांगायचे, "हे आमचे डॉक्टर जावई. आणि हे मोठे." मोठे कोण, कसले, हे सांगायच्या आत चहा यायचा.

निवृत्त झाल्यावर त्यांनी वस्तीच्या टोकाला थोडी जागा घेतली, तीन दिवसांचं शेळीपालनाचं शिक्षण घेतलं, प्रमाणपत्र चौकटीत घालून गोठ्यात लावलं आणि शेळ्या आणल्या. शेळ्या शेळ्यांसारख्याच निघाल्या. पण एका फिरत्या धनगराकडून घेतलेलं लुकडं पिल्लू वाढता वाढता पैलवान झालं, आणि आसपासची माणसं आपापली शेळी घेऊन फाटकाशी उभी राहून हाका मारायला लागली, "मालक, आहात का?" साठाव्या वर्षी माणसाला कोणी पहिल्यांदा मालक म्हटलं तर तो काय करतो? साडू गोठ्यात इस्त्रीचा शर्ट घालून जायला लागले.

आता डॉक्टर सांगत होते की या मालकीच्या मुळावरच घाव घालायचा.

संध्याकाळी डॉक्टर जेवायला बसले तेव्हा बायको ताट वाढून समोरच बसली. हे लक्षण त्यांना माहीत होतं.

"अहो, ताईचा फोन आला होता."

"हं."

"भाऊजी सकाळपासून जेवले नाहीत."

"मी बोकडाला उपाशी ठेवायला सांगितलं होतं."

"थट्टा पुरे. जरा नमतं घेतलंत तर काय बिघडेल? आत्ता गुडघ्याचं करा. दुसरं नंतर बघता येईल."

"नंतर म्हणजे कधीच नाही. गुडघा नीट झाला की बोकड धडधाकट दिसणार. मग तर झुंबडच उडेल. मी नुसता पाय दुरुस्त केला तर त्याचा दोष झाकला एवढंच होईल. पुढची पाच वर्षं त्याची पिल्लं माझ्याच टेबलावर."

"तुम्हाला काय, काम मिळेल."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान वळवली. उभ्या नोकरीत त्यांच्या हातून अर्धीच कामं झाली होती. लस यायची ती साथ संपल्यावर. पाच दिवसांचं औषध लोक दोन दिवस द्यायचे. गायीला विश्रांती सांगितली की ती बाजारात विकली जायची. एक काम, एकच, या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरं व्हावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती, आणि तीही एका बोकडापाशी येऊन अडली होती.

"माणसाची अक्कल गुडघ्यात असते म्हणतात," बायको ताट उचलत म्हणाली. "तुम्हा दोघा साडवांची बोकडाच्या गुडघ्यात गेली आहे."

दोन दिवसांनी साडू आणि ताई जेवायलाच आले. साडूंनी दुसरा घास घेतला आणि एकदम म्हणाले, "करा दोन्ही. पण कोणाला कळता कामा नये. कापाकापी दिसता कामा नये."

"कळणार नाही कोणाला. कापत नाहीच. चिमटा असतो. कातडीवरून दाबला की आतली नळी चेपते, बंद होते. बाहेरून सगळं जागच्या जागी."

"म्हणजे दिसायला पैलवानच?"

"दिसायला पैलवानच."

"मग झालं तर," ताई म्हणाल्या. "लोकांना दिसण्यापलीकडे काय हवं असतं? हे तरी दुसरं काय करतात? शर्ट घालून उभे राहतात."

"तू गप गं," साडू म्हणाले, पण हसले.

"एक सांगायचं राहिलं, चिमटा लावल्यानंतर—" डॉक्टरांनी सुरुवात केली.

"अहो, जेवताना तरी पुरे करा!" बायको म्हणाली, आणि भाताबरोबर डॉक्टरांनी ते वाक्यही गिळलं.

ऑपरेशनच्या दिवशी पैलवान उपाशी होता आणि साडूही. टेबलावर बोकडाची मान पोत्याच्या घडीवर ठेवून तोंड खाली उतरतं केलं, लाळ घशात जाऊ नये म्हणून. ड्रेसरने गुडघ्याभोवतीचे केस काढले. हा ड्रेसर दवाखान्याइतकाच जुना होता आणि त्याच्याइतकाच पोपडे निघालेला. त्याचा दिवसभर एकच धंदा, पट्ट्या बांधणं आणि शेरे मारणं.

"डॉक्टर, यांची कातडी पाहिलीत? माझ्या जावयाची एवढी चांगली नाही."

डॉक्टरांनी सांधा उघडला. खाच कसली, बशी होती. त्यांनी वरची गुळगुळीत कूर्चा बारीक करवतीने डब्याच्या झाकणासारखी उचलली, खालचं हाड कोरलं आणि झाकण परत बसवलं. आता तिथे खोली आली. वाटी जागेवर ठेवून पाय दुमडला, लांब केला, पुन्हा दुमडला. वाटी खाचेतून निमूट वर-खाली सरकत राहिली. बाहेरच्या बाजूची ओढ त्यांनी थोडी सोडवली आणि आतल्या बाजूचं सैल आवरण एकावर एक दुमडून शिवलं, ढगळ झालेला सदरा आत घ्यावा तसं. या सगळ्या वेळात ते थकलेले नव्हते. हे त्यांच्या लक्षात आलं नाही. येईल इतकी सवड नव्हती.

मग चिमटा. एका बाजूला कट्‌. दुसऱ्या बाजूला कट्‌.

"घ्या," ड्रेसर म्हणाला. "एका दिवसात दोन्हीकडून सुधारला."

त्या दवाखान्यात चिमटा लावलेलं प्रत्येक जनावर पुढच्या दाराने बाहेर जायचं, आणि उंबऱ्यात डॉक्टर मालकाला एक वाक्य सांगायचे. इतक्या वर्षांत ते वाक्य त्यांच्या जिभेला नव्हे, त्या उंबऱ्यालाच चिकटलं होतं. तिथे पाय पडला की ते आपोआप बाहेर पडे. पण साडू गिऱ्हाईक नव्हते. ते आतल्या खोलीत डॉक्टरांच्या खुर्चीवर बसून होते, ताईंनी थर्मासमधून चहा आणला होता, पैलवान शुद्धीवर आल्यावर सगळ्यांनी चहा घेतला, डॉक्टरांनी गुडघ्याबद्दल सांगितलं, "महिनाभर लहान कोंडीत ठेवा, एकही उडी मारू द्यायची नाही," आणि मंडळी मागच्या दाराने गेली.

साडूंनी महिना अक्षरशः पाळला. कोंडीबाहेर खुर्ची टाकून बसायचे. पैलवानाने उडीचा नुसता विचार केला तरी त्यांना कळायचं. महिन्याने डॉक्टर बघायला गेले. पैलवान अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, वळला, पळाला. वाटी हलली नाही. डॉक्टरांना छातीत काहीतरी हलकं हलकं वाटलं. सवय नसल्यामुळे त्यांनी घरी गेल्यावर पित्ताची गोळी घेतली.

पैलवान पळताना दिसल्यावर फाटकाशी हाका सुरू झाल्या. साडू म्हणायचे, सध्या त्याला आराम आहे. पुढे म्हणायला लागले, वेळ नाही. मग नुसतीच मान हलवायला लागले. आणि जी वस्तू मिळत नाही तिची जाहिरात करावी लागत नाही. पैलवान आता फक्त मोठ्या फार्मवाल्यांकडे जातो अशी बातमी पसरली. मालकांचे 'मोठे मालक' झाले. ताई बहिणीला फोनवर सांगत होत्या, "पाण्याच्या खिडकीत नाही म्हणायचे तर शिव्या मिळायच्या. आता नाही म्हणतात तर नमस्कार मिळतात. हेच आधी सुचलं असतं तर!"

पाचेक महिने गेले असतील. एका सकाळी साडू पुन्हा पुढच्या दाराने आले. बाकावर चार-पाच माणसं होती, त्यांना हात दाखवत ते थेट आत आले, दार लोटलं आणि डॉक्टरांचा खांदा धरून कुजबुजले, "तुमचा चिमटा फसला!"

"काय?"

"फसला हो! टेलरबाईंची शेळी आठवड्यापूर्वी व्याली. जुळं. मला आज कळलं. पैलवानाची पिल्लं!" त्यांचा चेहरा असा उजळला होता की डॉक्टरांना दुसरीकडे पाहावंसं वाटलं.

"शेळी कधी दाखवली होती?"

"कोंडीतून काढला ना, त्याच आठवड्यात. बाई बिचारी शेळी घेऊन दारात उभी. पहिलाच नकार, जमेना मला. म्हटलं, आता काय व्हायचंय? लागणार नाहीच, बाई शेळीला दोष देईल, आणि पैलवानाला तेवढाच विरंगुळा."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," ड्रेसर कोपऱ्यातून म्हणाला. "यांच्या तर गुडघ्याला अजून टाक्यांचे वणही होते."

डॉक्टर खुर्चीवर बसले. ते वाक्य आता, सहा महिने उशिरा, अगदी स्वच्छ त्यांच्या तोंडात आलं. "भाऊ, चिमटा लावल्यावर दोन महिने शेळ्यांपासून लांब ठेवायचं असतं. नळी चेपली तरी पुढे साठलेलं असतं, ते संपायला वेळ लागतो. हे मी प्रत्येकाला सांगतो. तुम्हाला सांगितलं नाही. चूक माझी."

"म्हणजे... चिमटा फसला नाही."

"नाही."

"मग आता?"

"आता काही उरलेलं नाही."

खिडकीची फळी खाली ओढावी तसा साडूंचा चेहरा मिटला. सकाळपासून, जेमतेम दोन तास, त्यांचा पैलवान पुन्हा पुरा झाला होता. ते बाहेर जाऊन बाकाच्या टोकाला बसले. कोणीतरी "बसा मोठे मालक" म्हणालं, तेही साडू बसल्यानंतर.

तेवढ्यात टेलरबाई आल्या. गळ्यात मोजायची टेप तशीच, कडेवर पिल्लू. "डॉक्टरसाहेब, हिला बघा हो. भाऊ टुणटुण उड्या मारतो आणि ही नुसती बसून असते. पडली असणार कुठेतरी."

डॉक्टर दारातच खाली बसले. पिल्लू मागचे दोन्ही पाय दुमडून सशासारखं बसलेलं. अंगठा लावायचीही गरज नव्हती. दोन्ही वाट्या बाहेरच्या बाजूला गेलेल्या हाताला लागत होत्या. डॉक्टरांनी वर पाहिलं. साडू त्यांच्याकडेच पाहत होते.

डॉक्टरांनी शब्द दिला होता, कोणाला कळणार नाही. 'पडली असेल' एवढं म्हटलं की भागत होतं. थकलेल्या माणसाला गप्प बसण्याइतकं सोपं काही नसतं, आणि ते गप्प बसले.

"पडून नाही झालेलं," साडू म्हणाले. उठून उभे राहिले, शर्ट खाली ओढला. "पैलवानाकडून आलंय ते. त्याचाही गुडघा असाच सरकायचा. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. आणि त्याच दिवशी त्याचं... दुसरंही केलं. आता तो नुसता दिसायला आहे. मी सगळ्यांना उगाच टोलवत होतो. बाई, तुम्हाला तर तेव्हाच सांगायला हवं होतं."

बाकावर एकाच्या मांडीवरची कोंबडी तेवढी कुरकुरली.

टेलरबाईंनी साडूंकडे वरून खालपर्यंत पाहिलं, माप घेतल्यासारखं. "मालक, द्यायचा नसेल तर नाही म्हणा. पण चांगल्या जनावराबद्दल असं अभद्र बोलू नये."

"अहो, खरं सांगतोय!"

"खरं? मग माझी शेळी काय वाऱ्याने गाभण राहिली?" त्यांनी पिल्लू वर धरलं. "हे काय आहे?"

बाक हसला. साडूंनी वळून डॉक्टरांकडे पाहिलं. "डॉक्टर, तुम्ही तरी सांगा."

"ते म्हणतात ते खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "चिमटा लावल्यावरही काही दिवस—"

"तुम्ही सांगणारच," कोंबडीवाला म्हणाला. "साडू ना तुम्ही त्यांचे?"

"मोठे मालक हुशार," शेजारचा म्हणाला. "गर्दी फार झाली की असंच काहीतरी सांगायचं. माझ्याकडे असा बोकड असता तर मीही हेच म्हटलं असतं."

साडू हळूच खाली बसले. उभी नोकरी त्यांनी खिडकीत बसून सांगितलं होतं की उद्या पाणी येईल, आणि लोकांनी त्यावर निदान एक रात्र तरी विश्वास ठेवला होता. आज पहिल्यांदा सगळ्यांसमोर खरं बोलले, तर ते बाकाच्या टोकापर्यंतही पोचलं नाही.

"हिला दूध कधी पाजलंत?" डॉक्टरांनी टेलरबाईंना विचारलं.

"पहाटे."

"मग दुपारी करू. हाडं कोवळी आहेत, कोरायला नको. आवरण घट्ट केलं आणि वाटी जागेवर राहिली, की ती आपली खाच आपणच करून घेईल. पण बाई, हिला पुढे गाभण ठेवायची नाही. हिच्या भावालाही शेळ्यांत सोडायचं नाही, तो कितीही उड्या मारू दे. कबूल?"

"कबूल हो," टेलरबाई म्हणाल्या, आणि मान हलवली. ती मान डॉक्टरांच्या ओळखीची होती. पाच दिवसांचं औषध घेऊन जाणारे सगळे तशीच हलवायचे. ते तिथेच, उंबऱ्यात, तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. टेलरबाईंनी पुन्हा तशीच मान हलवली.

दुपारी ड्रेसरचा डोळा लागला होता, म्हणून साडूंनी इस्त्रीच्या बाह्या वर सारल्या आणि पिल्लू धरलं. धरलं चांगलं. दोन्ही गुडघे शिवून होईपर्यंत त्यांनी पकड ढिली पडू दिली नाही. शेवटचा टाका पडल्यावर साडू म्हणाले, "खरं म्हणजे हलकं वाटायला हवं होतं मला."

"पित्ताची गोळी देऊ?" डॉक्टर म्हणाले.

टेलरबाई पिल्लू न्यायला आल्या तेव्हा ते पट्ट्यांमध्ये गुंडाळलेलं, झोपेत, शेपूट हलवत होतं. त्यांनी ते पदरात घेतलं, दारापर्यंत गेल्या, आणि तिथून मागे वळल्या.

"मालक, झालं गेलं. माझ्या दुसऱ्या शेळीसाठी एकदा पैलवानाचं बघा की. रागावू नका."

साडूंनी तोंड उघडलं. डॉक्टर हात धुता धुता थांबले. साडूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या बाकाकडे, आणि खांदे खाली टाकले.

"उद्या या," ते म्हणाले.